गोधडीखालचं बोलणं

बंगळुरू, १८ ऑगस्ट २०२५

मामा, जयभीम.

तुझा हुकूम पाळून हातानं पत्र लिहितेय. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहायला गेलास की तुझ्या एका बोटाखाली चार अक्षरं येतात, हे मान्य. पण कॉलेज सुटल्यापासून मी पेन धरलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

एक मागणं आहे. मी कंपनीत नक्की काय करते असं तू विचारलंस की दरवेळी मी "कॉम्प्युटरचं" म्हणून वेळ मारून नेते. आता नीट सांगते. विमानतळावर रडार असतं ना, तसलंच, पण साबणाच्या वडीएवढं. ते भिंतीला लावायचं. त्यातून लहरी निघतात, माणसावर आपटतात आणि परत येतात. माणूस हलला की परत येणारी लहर थोडी बदलते. चालताना हात मागेपुढे होतात, बसताना कंबर वाकते, पडताना सगळं अंग एकदम खाली येतं, आणि प्रत्येकाची छाप वेगळी पडते. त्या छापेवरून मशीन ओळखतं की हा चालला, ही वाकली, हा पडला. कॅमेरा नाही, फोटो नाही, तोंड दिसत नाही. नुसती हालचाल.

एका पेटीनं मात्र भागत नाही. तिला तिच्याकडे येणारं आणि तिच्यापासून लांब जाणारं तेवढं कळतं. समोरून कोणी आडवं गेलं तर ती जवळजवळ आंधळीच. म्हणून एका खोलीत पाच लावतो. एकीचं हुकलं की दुसरीला सापडतं, आणि पाचजणी मिळून एक उत्तर देतात. मी रोज हे बघते आणि रोज अंगावर काटा येतो. माणूस उभा राहून नुसता श्वास घेतोय, तरी तो पडद्यावर लाटेसारखा दिसतो, मामा!

हे सगळं आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी करतोय, कोणी पडलं तर घरच्यांना लगेच कळावं म्हणून. आता खरी घरं हवीत. तुझ्या मोशीच्या फ्लॅटमध्ये लावू का? आई म्हणते तू बाथरूममध्ये घसरलास आणि कोणाला सांगितलं नाहीस.

अंजली

*

मोशी, २७ ऑगस्ट

अंजू, जयभीम आणि आशीर्वाद.

मी घसरलो नव्हतो, बसलो होतो. तुझ्या आईला राईचा पर्वत करायची सवय लहानपणापासून आहे.

माझ्यावर पाळत ठेवायला पाचजणी नकोत. तुझी मामी होती तोवर ती एकटी पुरायची. मी जिन्यात पाय ठेवला की आज साहेबाशी भांडून आलोय हे तिला स्वयंपाकघरात कळायचं. आता ती नाही, तर भिंतींना तरी कशाला त्रास?

पण तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय. माझा दोस्त दत्तोबा तुला आठवत असेल, तुझ्या बारशाला ज्यानं जिलेबीची अख्खी परात संपवली तो. भोसरीच्या फोर्जिंगच्या कारखान्यात आम्ही जन्मभर एका हॅमरवर होतो. मी हॅमरच्या दांड्यावर आणि तो सांडशीवर. भट्टीतून लालभडक लोखंड काढून तो हॅमरखाली धरायचा आणि मी वरून घाव घालायचो. त्याचा हात आणि माझा घाव यांत वीतभर अंतर असायचं, आणि तो कधी घाबरला नाही. माझे कान त्या हॅमरनंच खाल्ले.

मार्चमध्ये त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून मोशी गावठाणातल्या जुन्या घरात खाटेवर आहे. नाकातल्या नळीनं जेवण. रुक्मिणीवहिनी एकट्या सगळं करतात, आणि त्यांचाही एक पाय धड नाही, ओढत चालतात. त्याचा श्वास चालू आहे की नाही हे बघायला सारख्या उठतात, म्हणून झोपही नाही.

मुलगा नवनाथ चाकणला कंपनीत आहे. शिफ्ट बदलत्या, वर ओव्हरटाइम. पोरगा वाईट नाही. पण त्यानं ठरवलंय की दिवाळी झाली की बापाला लांबच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. म्हणतो, "काका, बाबांना काही कळत नाही. त्यांना घर काय नि ते काय, सारखंच. आई मात्र यात जाईल." तिथे वहिनींना राहता येणार नाही. डॉक्टरही म्हणाले की त्याला फार काही कळत असेल असं वाटत नाही. मला विचारशील तर दत्तोबा एकदा तिकडे गेला की परत यायचा नाही.

तर तुझ्या पाचजणी त्याच्या खोलीत बसव. त्यांनी श्वासावर लक्ष ठेवलं तर वहिनींना झोप मिळेल, आणि नवनाथही थोडा दम धरेल. मी वहिनींना आणि त्याला विचारलंय. वहिनींनी एवढंच विचारलं की त्यात फोटू निघतो का. नाही म्हटल्यावर हो म्हणाल्या.

मामा

*

बंगळुरू, २२ सप्टेंबर

मामा, जयभीम.

आमच्या पुण्याच्या ऑफिसातला सिद्धेश पेट्या बसवून आला. म्हणाला, काकूंनी पोहे खायला घातल्याशिवाय भिंतीला हात लावू दिला नाही. खोलीची नोंद आता रोज माझ्याकडे येते. श्वास थांबला किंवा फार मंद झाला तर नवनाथदादाचा आणि काकूंचा फोन वाजेल. परवा सिद्धेशनं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या म्हणे, "आता जरा डोळा लागतो." मला इतकं बरं वाटलं!

मामा, मी रुक्मिणीकाकूंना कधी पाहिलेलं नाही. पण आता हजार बायकांत त्यांची चाल ओळखीन. एक पाऊल टाकतात, दुसरं ओढून आणतात, मध्ये थोड्या थांबतात. नवनाथदादा येतो तो झपझप, दारातून खाटेपर्यंत त्याला चार ढांगाही लागत नाहीत आणि तसाच परत. मशीनला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून या दोन चाली वेगळ्या काढल्या. आणि दत्तोबाकाका निजलेले असतात तिथे एक संथ लाट, वर, खाली. जाड गोधडीतून, कपड्यांतून, एवढीशी छाती उचललेली दिसते. मी जेवताना ती लाट बघत बसते. एवढ्या लांबून एखाद्या माणसाचा श्वास बघायला मिळणं म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगता येत नाही.

आता तक्रार. मशीनला आम्ही घरातल्या ठरावीक गोष्टी शिकवल्यात: चालणं, बसणं, वाकणं, झाडणं, जेवणं, कणीक मळणं. त्यासाठी मी स्वतः लॅबमध्ये मांडी घालून कणीक मळलीय, हसू नकोस. तर मशीन म्हणतंय की रोज दुपारी दत्तोबाकाकांच्या उशाशी बसून कोणीतरी बराच वेळ कणीक मळतं. आणि तीही डाव्या हातानं! खोलीत परात नाही हे सिद्धेशनं पाहिलंय. मग हे काय आहे?

अंजली

*

मोशी, ३० सप्टेंबर

अंजू,

तुझं मशीन हुशार असेल, पण त्याला सांग की माझ्या सात पिढ्यांत कोणी दुपारी कणीक मळली नाही. तो मी आहे. मी दत्तोबाशी बोलतो.

तुला हे कधी सांगितलं नाही, कारण घरी त्याची गरज पडली नाही. हॅमर पडायला लागला की खात्यात बोलणं बंद. शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग सगळे हातानं बोलायचे. तळवा उलटा केला की "पलटव", म्हणजे लोखंड दुसऱ्या कुशीवर घे. तळवा खाली दाबला की "दमानं", घाव हलका कर. दोन बोटं कॉलरला लावली की साहेब आला, तंबाखू थुंक. करंगळीचा अर्थ तुला शाळेत शिकवलाय. होता होता आम्ही सगळंच बोलायला लागलो. निवडणुका, पोरांची लग्नं, कोणाच्या गावाला पाणी आलं, कोणाचं मन कुठं अडकलंय. बाहेर तो रामराम म्हणायचा, मी जयभीम म्हणायचो. आत दोघांची एकच खूण होती. काही खुणा अख्ख्या खात्याच्या होत्या, काही फक्त आम्हा दोघांच्या.

माझे कान गेले तेव्हा बाकी लोक हळूहळू कमी झाले. बहिऱ्याशी ओरडून बोलायचा माणसाला कंटाळा येतो, त्यात त्यांची चूक नाही. दत्तोबाला ओरडावंच लागलं नाही. निवृत्त झाल्यावरही आम्ही इंद्रायणीच्या पुलावर कठड्याला टेकून तासन्‌तास गप्पा मारायचो आणि येणारे-जाणारे आम्हाला जन्माचे मुके समजायचे.

म्हणून मी रोज जातो आणि त्याला गावची खबर देतो. तो छताकडे बघतो. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसतो, व्यायामवाली ताई रोज तोच हात उचलून हलवते. एकदा तरी बोट हलेल म्हणून वाट बघतो. हलत नाही. दिवाळी जवळ आली. नवनाथनं गाडीही सांगून ठेवलीय.

मशीनमध्ये कणीक खोडून "गप्पा" लिही. एकतर्फी असल्या तरी गप्पाच आहेत.

मामा

*

बंगळुरू, ८ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र शांतपणे वाच आणि लगेच कोणाला काही सांगू नकोस. मी चूक असू शकते.

तुझं पत्र आल्यावर मी दुपारची सगळी नोंद पुन्हा उघडली. तू हात हलवतोस, मग थांबतोस. तू थांबलास की खाटेवरून आणखी एक हालचाल येते, अगदी बारीक, बोटाच्या पेरांएवढी. तू पुन्हा सुरू झालास की ती बंद. तू थांबलास की ती पुन्हा सुरू.

पहिल्यांदा मला वाटलं तो तुझाच भास आहे. लहर भिंतीवर आपटून फिरून येते तेव्हा एका माणसाची दोन माणसं दिसतात. आम्ही त्याला भूतच म्हणतो. पण भूत एका पेटीला एका जागी दिसतं आणि दुसरीला दुसऱ्याच जागी. ही हालचाल पाचही पेट्यांना एकाच जागी दिसते. खाटेवर, भिंतीकडच्या बाजूला, गोधडीच्या आत. मामा, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मला काही सुचेना, म्हणून मी लॅबच्या गच्चीवर जाऊन आले आणि पुन्हा पाहिलं. तेच.

आणखी एक. तू फक्त डाव्या हातानं बोलतोस, हे तुला माहीत आहे का? मशीन पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतं आणि मी त्याला हसले. दत्तोबाकाका कोणत्या हातानं बोलायचे? आणि त्यांचा डावा हात आत्ता कुठे असतो?

अंजली

*

मोशी, १५ ऑक्टोबर

अंजू,

तुझं पत्र वाचून मी माझ्या दोन हातांकडे बघत बसलो. मग ताटातली भाकरी तशीच टाकून गावठाणात गेलो.

उजव्या हातात माझ्याकडे दांडा असायचा आणि त्याच्याकडे सांडशी. लाल लोखंड हातात असताना उजवा सोडणार कोण? बोलायचे ते डाव्यानंच. चाळीस वर्षं डाव्यानं बोललो आणि हे मला बंगळुरूहून कळवावं लागतंय! सगळे त्याच्या उजव्या हातासाठी झुरत होते म्हणून मीही तिकडेच बघत राहिलो.

मी वहिनींना म्हटलं, त्याचा डावा हात बघू. त्यांचा चेहरा पडला. त्या गोधडी धरूनच उभ्या राहिल्या. मी त्यांचे ओठ वाचतो, हळू बोलल्या की कळतं. म्हणाल्या, "भावजी, नळी दोन बाऱ्या उपसली ओ त्येंनी, रगत आलं. दवाखान्यात म्हनले, हात बांदून ठेवा. मी काय करू? पर लोकं बघायला येत्यात. म्हनत्याल, नवऱ्याला जनावरावानी बांदून ठेवलाय. म्हनून वरनं गोधडी टाकते." आणि रडायला लागल्या.

गोधडी काढली. डावा हात मऊ पंच्यानं खाटेच्या गजाला बांधलेला. गाठ घट्ट नव्हती, वहिनींनी खाली कापूससुद्धा घातला होता. मी ती सोडली आणि त्याच्यासमोर बसून आमची खात्यात शिरतानाची रामराम-जयभीमची खूण केली. मग, अंजू, त्यानं तो हात उचलला. त्यानं तळवा उलटा केला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा.

पलटव.

मला आधी वाटलं, हा मनानं खात्यात आहे, लोखंड पलटव म्हणतोय. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी वहिनींना हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला कुशीवर घेतलं. पाठ बघवत नव्हती. माकडहाडापाशी कातडी लाल होऊन सोलली होती. तो महिनोन्‌महिने सांगत होता, पाठ जळतेय, मला पलटवा. वहिनी बिचाऱ्या पलटवायच्या, पण त्यांच्या कमरेच्या मानानं. जळत असेल तेव्हा नाही.

कुशीवर गेल्यावर त्यानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तुझ्या पडद्यावर तो दिसला का? एवढा मोठा श्वास तू नक्की पाहिला असशील. मी त्याचा हात धरून लहान पोरासारखा रडलो. चांगल्या माणसाचं तोंड आम्ही पंच्यानं बांधून ठेवलं होतं, आणि ते साबणाच्या वडीएवढ्या पाच पेट्यांनी गोधडीतून ऐकलं. मला यातलं शास्त्र कळत नाही. मी नुसता त्या भिंतीवरच्या पेट्यांकडे बघत बसतो.

पण नवनाथ मानत नाही. बापाची पाठ बघून तोही हादरला, स्वतः मलम आणलं. तरी म्हणतो, "काका, तुम्हाला तसं वाटतं. तो हात आपोआप हलतो, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलंय. आणि पाठ अशी झालीय म्हणजे घरी होत नाही हेच खरं." गाडी अजून सांगितलेलीच आहे. तुझ्याकडे याला दाखवण्यासारखं काही असेल तर पाठव. माझ्या शब्दाला तो म्हाताऱ्याची माया समजतो.

मामा

*

बंगळुरू, २१ ऑक्टोबर

मामा, जयभीम. दिवाळीत सगळे घरी गेले आणि मी लॅबमध्येच राहिले.

तो श्वास मी पाहिला. लाट इतकी उंच गेली की मशीननं मला सूचना दिली. काय झालं ते मला तुझ्या पत्रानंतर कळलं.

हे पुढचं नवनाथदादाला वाचायला दे.

दादा, तुमचं म्हणणं मी खोटं पाडायला बसले नव्हते, तपासायला बसले होते. हात मोकळा झाल्यानंतरची नोंद मी घेतलीच नाही, कारण तेव्हा मामा समोर होता आणि कोणी म्हणेल की त्यानं हवं ते पाहिलं. मी घेतले त्याआधीचे सगळे दिवस, हात बांधलेला होता आणि गोधडीखाली काही चाललंय याची कोणालाच कल्पना नव्हती तेव्हाचे.

मशीनला अर्थ कळत नाही. ही हालचाल त्या हालचालीसारखी आहे की वेगळी, एवढंच त्याला कळतं. तर त्याला त्या हातात काही अगदी वेगळ्या हालचाली सापडल्या. एक कधीही होते, खोलीत कोणी नसतानासुद्धा. ती "पलटव" असणार, आणि ती वाचताना मला फार त्रास झाला. दुसरी फक्त तुम्ही आलात की होते. तुमची झपझप पावलं दारातून आत आली की बोटं सावकाश खाली दाबली जातात. सिद्धेश आला तेव्हा ती झाली नाही, व्यायामवाल्या ताई येतात तेव्हा होत नाही. तुम्ही आलात की होते.

आणि तिसरी. दारातून ओढत्या पायाची चाल आत आली की अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चिमटीसारखी फिरतात, ओढतात, पुन्हा फिरतात. चाल बाहेर गेली की थांबतात. काकू पुन्हा आल्या की पुन्हा. पेट्या बसवल्या त्या पहिल्या दिवसापासून आहे. त्याआधी किती दिवस होतं ते सांगायला आमच्याकडे काही नाही.

दादा, आपोआप हलणारा हात माणसं ओळखत नाही. माझं शिक्षण मला यापुढे काही म्हणू देत नाही. पण मी ही नोंद बघताना पडद्याला नमस्कार केला, आणि मी अशी कुठेही हात जोडणारी मुलगी नाही, मामाला विचारा.

मामा, ती तिसरी हालचाल कशाची आहे? मशीनमध्ये तिच्यापुढे सध्या "अज्ञात" असं लिहिलेलं आहे. काय लिहू?

अंजली

*

मोशी, ३ नोव्हेंबर

अंजू, जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

नवनाथ ड्युटीवरून आला तेव्हा मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं, हेल्मेट काखेत. मग पुन्हा वाचलं. मी म्हटलं, आता बाहेर जा आणि रोज येतोस तसा ये.

तो गेला आणि झपझप आत आला. दत्तोबाचा हात आता गोधडीवर मोकळा असतो. वहिनी जवळ बसतात, नळीला हात गेला की हळूच बाजूला घेतात. त्या हाताचा तळवा खाली दबला. सावकाश, पुन्हा एकदा सावकाश.

"काय म्हणतात?" नवनाथनं मला विचारलं.

"दमानं. माझा घाव जोरात पडायला लागला की मला हेच सांगायचा. आता तुला सांगतोय, धावू नको, दमानं ये."

पोरगा खाटेच्या कडेला बसला. बापाच्या छातीवर डोकं ठेवून किती वेळ रडला! दत्तोबाचा हात त्याच्या पाठीवर होता आणि तिथेही तेच सांगत होता. गाडीवाल्याला त्यानं माझ्यासमोरच नको म्हणून कळवलं. पलटवायला शेजारची एक बाई आता रोज येते, आणि हवा भरायची गादी आणलीय. डॉक्टरांना घरी बोलावून दाखवलं. ते हात बघून म्हणाले, मला फार आनंद झालाय. आता बोलायला शिकवणाऱ्या बाई येणार आहेत. मी त्यांना आमच्या खुणा शिकवणार आहे, म्हणजे या वयात मी मास्तर झालो.

आता तुझी तिसरी हालचाल. त्यासाठी मी वाट बघत बसलो. वहिनी चहा घेऊन पाय ओढत आल्या आणि दत्तोबाची चिमूट फिरायला लागली. मला हसूच फुटलं.

ही आमच्या दोघांतली खूण. वहिनी त्याचा डबा फडक्यात बांधून द्यायच्या आणि गाठ अशी मारायच्या की सांडशी धरणारा गडी घामाघूम व्हायचा. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या गाठीशी त्याची कुस्ती चालायची. त्यावरून ती खूण डब्याची झाली. आणि डब्यावरून, तू समजलीस ना, आमच्या पिढीतला माणूस बायकोचं नाव तोंडानं घेत नाही. हातानं घेतो. एकदा त्यानं गाठ सोडल्याची खूण केली आणि कपाळाला हात लावला, मला कळलं वहिनींना ताप आहे. नवनाथ झाला तेव्हा त्यानं आधी गाठ सोडली आणि मग मिशीला पीळ भरला. खात्यातल्या आवाजात तो तिच्याबद्दल किती बोलायचा ते फक्त मला माहीत आहे.

हे मी वहिनींना सांगितलं. बहिऱ्याचा आवाज, अख्ख्या आळीला ऐकू गेला असेल. त्या कपबशी धरून उभ्याच राहिल्या.

"म्हंजी मी दारातनं आले की...?"

"दरवेळी."

"बांदलेल्या हातानं?"

मी मान हलवली. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्सं झाली, भावजी. 'अगं ऐकलं का' याच्याम्होरं कदी गेले न्हाईत. मला वाटायचं, माजं नावबी ठावं न्हाई यांस्नी." मग मला विचारलं, "आले, असं कसं म्हनायचं?"

खात्यात "आले"ची खूणच नव्हती. हॅमर चालू असताना कोण कोणाकडे येणार? तेवढ्यात वहिनींनी आपल्या पदराचं टोक घेतलं, त्याला एक गाठ मारली आणि ती त्याच्या हातात दिली. तो डोळे मिटून ती सोडत बसला. बोटांना घाई नव्हती. मी उठून अंगणात आलो.

निघताना पुन्हा आत येऊन मी तुझा प्रश्न विचारला, की मशीनमध्ये काय नाव लिहायचं. वहिनी त्याच्याजवळच बसल्या होत्या, पदराची गाठ त्याच्या हातात अजून सुटायची होती. हसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला सांगा, डबा लिव्ह म्हनावं. बाकीचं मशीनला कशाला पायजे?"

मामा